संग्रहालय बघायचं कसं? नाशिकमध्ये एका नाण्यापासून सुरुवात

पाहुणे आले की नाशिककर त्यांना पंचवटी दाखवतो, त्र्यंबकला नेतो, मिसळ खाऊ घालतो आणि गाडीत बसवून देतो. संग्रहालयात नेत नाही, कारण शाळेच्या सहलीनंतर तो स्वतःच तिथे फिरकलेला नसतो. त्या सहलीची आठवणही बहुतेकांची सारखीच असते: दोघादोघांची रांग, 'हात लावू नका', आणि वहीत उतरवून घ्यायला लावलेल्या पाट्या.

मोठेपणी मी हौसेने पुन्हा गेलो, तेव्हा पाऊण तासात अख्खं संग्रहालय उरकलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय पाहिलंस? मला आठवला तो कोपऱ्यातला कुरकुरणारा पंखा. त्यानंतर पद्धत बदलली. आता एका फेरीत एकच वस्तू बघतो, पण ती जिथून आली त्या जागेपर्यंत तिचा माग काढतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगतो, आणि नाशिकमध्ये त्यासाठी नाण्यासारखी दुसरी वस्तू नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चांदीच्या नाण्यांपासून नाशिकरोडच्या नोट प्रेसपर्यंत (तिथे १९२८पासून नोटा छापल्या जातात) पैशाचा धागा या गावात कुठे ना कुठे सापडत राहतो.

आधी घरातला रुपया

संग्रहालयात जायच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यात बघा. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवतात तो चांदीचा जुना रुपया पुष्कळ घरांत असतो. तो घ्या, खिडकीशी बसा आणि दहा मिनिटं फक्त बघा. कोरडाच बघा; चिंच लावून घासू नका. घासलं की चांदीचा बारीक थर जातो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात.

काय बघायचं? व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असेल तर नावापुढची पदवी वाचा. 'क्वीन' असेल तर नाणं १८७७च्या आधीचं, 'एम्प्रेस' असेल तर त्या वर्षापासून पुढचं. म्हणजे एका शब्दात राजकारण आलं. मग झीज बघा. गाल, केस, मुकुट असे उंचवट्याचे भाग आधी झिजतात, खोलगट जागा शाबूत राहतात. खूप झिजलेला रुपया बाजारात खूप हातांतून फिरला. धारदार कडांचा बहुधा लवकरच कुणाच्या तरी पेटीत जाऊन बसला. शेवटी वजन. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो, म्हणजे बरोबर एक तोळा. इंग्रजी अमदानीत तोळा आणि रुपया एकमेकांना असे जोडलेले होते. आजचा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, ही नंतरची सोय.

एवढं केलंत की बघण्याचे चार प्रश्न हाताशी आले: कशाचं आहे, वजन-आकार किती, काय लिहिलंय, कुठे झिजलंय. कुठल्याही वस्तूला हेच विचारायचे.

पाटीवर काय वाचायचं

संग्रहालयातली पाटी आपण नावासाठी वाचतो. 'विष्णू, काळा पाषाण, १२वं शतक' वाचलं की पुढे. पण खरी कामाची ओळ असते ती 'प्राप्तिस्थळ'. वस्तू कुठे सापडली हे माहीत असलं तर ती साक्षीदार. नसलं तर नुसती सुंदर. त्यामुळे प्राप्तिस्थळ नाशिक जिल्ह्यातलं दिसलं की मी तिथे थांबतो, बाकीच्यांना दुरून नमस्कार.

दुसरी गोष्ट नोंदणी क्रमांक. वस्तूवर किंवा पाटीवर बारीक अक्षरात आकडा असतो. बऱ्याच ठिकाणी त्यात वस्तू संग्रहात दाखल झाल्याचं वर्ष दडलेलं असतं. तो वहीत टिपून ठेवा. पुढे काही विचारायचं झालं तर 'ती डावीकडची मूर्ती' म्हणण्यापेक्षा हा आकडा सांगितला की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो.

तारखांचा गोंधळ होतो, तो आधीच मिटवून टाकू. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. मराठेशाहीच्या कागदांत 'सुहूर सन' असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. दोन संग्रहालयांच्या पाट्यांवर एकाच राजाचा काळ वेगवेगळा दिसला तर लगेच चूक समजू नका. सातवाहन आणि क्षत्रप या दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्यांच्या बाबतीत अभ्यासकांतच एकमत नाही.

एकच वस्तू, वीस मिनिटं

आता मुख्य काम. अंजनेरीजवळ, नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर, नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८० साली सुरू झाली. परमेश्वरी लाल गुप्त हे नाणेशास्त्रातलं मोठं नाव तिच्यामागे होतं. तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे. जाण्याआधी फोन करून वेळ पक्की करा. फाट्यावर उतरून परत फिरायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

नाण्यांच्या कुठल्याही चांगल्या संग्रहालयात गेलात की नहपान या क्षत्रप राजाचं नाणं शोधा, म्हणजे पाटीवर 'क्षत्रप' किंवा 'क्षहरात' (त्याच्या घराण्याचं नाव) हा शब्द बघा. चांदीचं, शर्टाच्या बटणाएवढं, दोन-सव्वादोन ग्रॅमचं असतं. एका बाजूला राजाचा उजवीकडे बघणारा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि राजाचं नाव दोन लिप्यांत: ब्राह्मी आणि खरोष्ठी. बटणाएवढ्या चांदीवर तीन लिप्या! आपल्या नोटेवर सतरा भाषा असतात याचं कौतुक करणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

आता त्याच्या शेजारी 'पुनर्मुद्रांकित' असं लिहिलेलं नाणं आहे का बघा. ते पहिल्या नजरेला बिघडलेलं वाटतं. मध्ये तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, आणि त्या डोंगराखालून कुणाचं तरी नाक डोकावतंय, केसांच्या दोन बटा दिसतायत. उलट्या बाजूला अधिकाच्या चिन्हासारखी आकृती, टोकांना चार वर्तुळं, आणि तिच्या आडून बाणाचं टोक. हे बिघडलेलं नाही. नहपानाला हरवल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचीच नाणी घेऊन त्यांवर आपला ठसा मारला. कडेला नवं नाव आलं: 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस', म्हणजे राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचं.

वीस मिनिटं लागतात ती इथे. डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे काचेवरची चमक सरकते आणि खालचा जुना चेहरा वर येतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा, फ्लॅश बंद ठेवून. प्रत्येक नाण्यावर ठसा वेगळ्या ठिकाणी पडलेला असतो. मी एकदा भाचीला घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "मामा, पाटी न पुसताच लिहिलंय." याहून चांगलं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

मग प्रश्न पडायला हवा: वितळवून नवीन का नाही पाडली? ठसा मारणं वितळवण्यापेक्षा स्वस्त आणि झटपट, हे एक कारण दिसतं. दुसरं असं की लोकांच्या हातात खेळणाऱ्या चांदीवरच नवा धनी कळला. जुना चेहरा अर्धवट दिसत राहिला तरी बिघडत नव्हतं. उलट कोण गेलं आणि कोण आलं, हे दोन्ही एकाच नाण्यावर.

हे एखाद-दुसरं नाणं नव्हे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला: १३,२५०हून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातकर्णीचा ठसा होता. आज ही नाणी देशातल्या आणि बाहेरच्याही संग्रहालयांत विखुरलेली आहेत. म्हणजे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये कुणी काचेवर वाकून 'जोगलटेंभी' हा उच्चार जमवत असेल, आणि आपल्याला ते गाव कुठल्या रस्त्याला आहे हेही ठाऊक नसतं.

इथे एक कायद्याची गोष्ट. शेतात, पाया खोदताना, नदीकाठी जुनी नाणी मिळाली तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो. जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सोनाराकडे नेऊन वितळवलं की चांदीचे पैसे मिळतील, पण साठा फुटला की त्याची गोष्ट संपली. जोगलटेंभीचं महत्त्व चांदीत नाही. किती नाण्यांवर ठसा आणि किती कोरी, हे मोजता आलं यात आहे.

वस्तू जिथली, तिथे जा

पुढच्या रविवारी पांडवलेणी. शहरापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत. पांडवांचा यांच्याशी काही संबंध नाही. ही बौद्ध लेणी आहेत आणि शिलालेखांत या डोंगराचं नाव 'तिरण्हु' आहे, म्हणजे त्रिरश्मी. एकूण २४ लेणी. बहुतेक लोक पायऱ्या चढतात, धापा टाकत फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही दोनच लेणी बघा, क्रमांक १० आणि क्रमांक ३, आणि याच क्रमाने.

दहावं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. ओवरीतले खांब बघा: घंटेसारखे शीर्ष, वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. मग भिंतीवरचे लेख. तुम्हाला ब्राह्मी येत नाही, हरकत नाही. चार अक्षरं पाठ करून जा. 'क' अधिकाच्या चिन्हासारखा, फक्त खालची दांडी लांबलेली. 'ठ' नुसतं वर्तुळ, 'थ' म्हणजे वर्तुळात ठिपका. 'ग' कमानीसारखा. भिंतीसमोर सरळ उभं राहू नका, कडेला जाऊन तिरकं बघा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. पहिला 'क' सापडला की जो आनंद होतो तो शब्दकोडं सुटण्यासारखा.

यातला एक लेख म्हणजे चक्क मुदत ठेवीची पावती आहे. वर्ष ४२. उषवदाताने भिक्षुसंघाला ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दिले आणि ते गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघटनांकडे, ठेवले. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्याला आहे. एका श्रेणीकडे २,०००, शेकडा एक दराने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण दराने. दर महिन्याचा धरतात, म्हणजे वर्षाला १२ आणि ९ टक्के. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. या लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आता हिशेब करून बघा: २,००० वर १२ टक्के म्हणजे २४०, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. पैशाला पैसा जुळतो. शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फळ्यावर नोंदवलं, असंही लेखात आहे. पावती, साक्षीदार, नोंदणी, काही बाकी ठेवलं नाही.

याच लेखात आणखी एक आकडा आहे: ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), ३५ला एक या भावाने. सोन्या-चांदीचा भाव भिंतीवर कोरलेला! चांदीचे कार्षापण म्हणजे बहुधा तेच नाणं जे तुम्ही काचेआड पाहिलंत. मी पहिल्यांदा हे जुळवलं तेव्हा त्या ओवरीत खाली बसलो होतो, अगदी खरंच.

आणि लेख वाचून दाखवणारं कुणी असेल तर डोळे मिटून ऐका. 'लेण' हा शब्द ऐकू येतो. बारासाठी 'बारसक', वीससाठी 'वीसाय'. पाण्याच्या टाक्याला 'पोढी', जी डोंगर भटकणाऱ्यांच्या तोंडी आजही आहे. शाळेत संस्कृत न घेतलेल्या मराठी माणसालाही निम्मं-पाव कळतं.

आता तिसरं लेणं. बाहेर सहा दणकट गण ओवरीचा भार खांद्यावर घेऊन उभे आहेत. खांब दहाव्या लेण्यातल्यासारखेच, म्हणजे जिंकणाऱ्याने हरलेल्याचाच नमुना उचलला. हे लेणं सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दिलं, नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. 'सवछरे एकुनवीसे' असं लिहिलंय. त्या लेखात मुलाचं वर्णन आहे: 'तिसमुदतोयपीतवाहन', ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, आणि 'खखरातवसनिरवसेसकर', ज्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला. नाण्यावरचा ठसा आणि हा शब्द एकच गोष्ट सांगतात. एक बाजारासाठी, एक डोंगरासाठी.

मला मात्र त्या थोर लेखापेक्षा शेजारचे दोन लहान आदेश जास्त आवडतात. पहिल्यात, वर्ष १८, सातकर्णी गोवर्धनच्या अमात्याला (अधिकाऱ्याला) कळवतो की उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं. दुसरा आदेश २४व्या वर्षीचा: ते शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, तरी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतली १०० निवर्तनं त्याऐवजी द्यावीत. कागदावर मिळालेली जमीन प्रत्यक्षात ओसाड निघाली आणि बदलून घ्यायला सहा वर्षं गेली. तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारलेल्या कुणालाही हे भाषांतर न करता कळेल.

बाकीची ठिकाणं

नाण्यावरून मन भरलं की पुढे काय, हे थोडक्यात सांगतो.

सराफ बाजारात गोदेकाठचा सरकारवाडा पेशवाईतला. राज्य पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि प्रादेशिक वस्तुसंग्रहालय त्यातच. इथे इमारत हीच पहिली वस्तू समजा. पुराच्या दिवसांत नाशिककर 'दुतोंड्या मारुतीच्या कुठे पाणी आलं' आणि 'सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं' यावरून पूर मोजतात, त्या या पायऱ्या. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. पुस्तकांसाठी सगळे जातात; त्याच्या वस्तुसंग्रहालयाची चौकशी फार थोडे करतात, तुम्ही करा.

१९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं. तिथे आज बघण्यासारखं काही मांडलेलं नाही, पण संग्रहालयात मडक्यांच्या खापऱ्या दिसल्या की कंटाळून पुढे जाण्याआधी ती गढी आठवा. खापरी हीच जुन्या वस्तीची तारीख असते.

सिन्नरला दोन कारणांसाठी जा. एक, यादवकाळातलं गोंदेश्वर, मधलं मुख्य मंदिर आणि भोवती चार लहान देवळं, पंचायतन. दुसरं, तिथल्या औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी खनिज संग्रहालय. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट आणि इतर खनिजांचे स्फटिक वाढले, मोरपिशी, गुलाबी, दुधी. मुलांना नाण्यांचा कंटाळा येत असेल तर आधी इथे न्या. पाट्या वाचायला लावू नका.

गावोगावच्या मारुतीच्या पारावर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, दिसतात, ते फुकटचं संग्रहालय. खालून वर वाचायचे: तळाला लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदूर लावलेला असेल तर बोटाने खरवडू नका, गावकरी ओरडतील आणि त्यांचं बरोबरच आहे.

व्यवहाराचं

सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. सणासुदीला आधी विचारून घ्या. वही आणि पेन्सिल न्या, पेन नको. वस्तूचं चित्र काढा, कितीही वाकडं आलं तरी. हाताला काढावं लागलं की डोळा नीट बघतो. फोटो काढायची परवानगी आधीच विचारा. सोबत दोघंतिघंच असावेत. दहा जणांच्या गटात कुणीतरी सतत 'चला' म्हणत असतं.

तिथल्या शिपायाशी, रखवालदाराशी बोला. कुठल्या कपाटाची काच अलीकडे बदलली, कुठली मूर्ती कुणाच्या विहिरीत निघाली, हे त्यांना माहीत असतं. एकदा साहेबांनी मला दोन मिनिटांत वाटेला लावलं होतं. दारावरच्या काकांनी अर्धा तास दिला.

पांडवलेण्यांना सकाळी लवकर जा. तिकीट आहे, पाणी सोबत ठेवा, माकडांपासून पिशवी सांभाळा. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो पण पायऱ्या निसरड्या होतात आणि ओवरीत अंधारून येतं, अक्षरं दिसत नाहीत. वाचायला जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. तोवर देव्हाऱ्यातल्या रुपयावर सराव करायला हरकत नाही.